अक्षरांचें आयुष्य

'अक्षर' ह्या शब्दाची व्युत्पत्ति मोठी अभिमानाची आहे. जें क्षरत नाहीं, झिजत नाहीं, तें अक्षर. शाळेंत वर्षानुवर्षें मुलांस ही व्युत्पत्ति सांगतांना तिच्याविषयीं शंका घेण्याचा प्रसंग कधीं आला नव्हता. अलीकडे मात्र घरांतील नित्याच्या व्यवहारांतच ती शंका उभी राहिली आहे. प्रत्येक कुटुंबानें तिचा विचार वेळींच करावा, असें वाटल्यावरून ह्या महिन्यांत तोच विषय वाचकांपुढें ठेवीत आहें.

उदाहरणादाखल गेल्या नोव्हेंबरांतील एक दिवस घेतों. निवृत्तिवेतन घेणाऱ्यास ह्या महिन्यांत आपण हयात असल्याचा दाखला द्यावा लागतो. पूर्वीं अधिकाऱ्यासमोर बसून सही केली कीं काम होई. २०१४ सालीं 'जीवन प्रमाण' नांवाची व्यवस्था निघाली. तींत यंत्रावर अंगठा टेकून हा दाखला देतां येतो. सोय उत्तम आहे. परंतु वय झालें म्हणजे बोटांवरील रेषा पुसट होतात, आणि मास्तरांचीं बोटें तर खडूनें आधींच झिजलेलीं. एका बँकेंत पांच वेळां अंगठा टेकूनही यंत्रानें मला ओळखलें नाहीं. तेथील तरुण कारकुनास मीं विचारलें, "काय हो, मी जिवंत आहें कीं नाहीं?" तो हंसून म्हणाला, "तुम्ही आहांत हो, गुरुजी. पण यंत्राला पटत नाहीं." अखेर त्यानें चेहऱ्यावरून ओळख पटविण्याची दुसरी रीत लाविली आणि माझें अस्तित्व मान्य झालें. तक्रार कांहीं नाहीं. समोर बसलेला मनुष्य डोळ्यांना दिसत असतांही मध्यस्थ यंत्रास दिसेना, एवढी गोष्ट मनांत राहिली.

दुसरें काम दूरदर्शन-संचाचें. मुंबईस दूरदर्शन २ ऑक्टोबर १९७२ रोजीं सुरू झालें. आमच्या खानदेशांत घरोघर पोंचण्यास पुढें बरींच वर्षें लागलीं. २५ जानेवारी १९८७ पासून 'रामायण' दाखविलें जाऊं लागलें, तेव्हां एकानें गच्चीवर चढून ॲन्टेना फिरवावा आणि खालून दुसऱ्यानें "आलं, आलं, आतां हलवूं नकोस" म्हणून ओरडावें, हा रविवारचा पाठच असे. त्यानंतर घेतलेला आमचा जाड पाठीचा रंगीत संच अद्यापि बैठकींत आहे. काही काळापासून त्यावर नुसत्या मुंग्या दिसत, म्हणून भंगारवाला तो मागत होता. वस्तुतः संचांत कांहींच बिघाड नव्हता. जुन्या पद्धतीचें जमिनीवरील प्रक्षेपण दूरदर्शननें मोजकीं ठिकाणें वगळून २०२२ पर्यंत टप्प्याटप्प्यानें बंद केलें. संच ऐकावयास तयार होता. त्याच्याशीं बोलणारें कोणी उरलें नव्हतें. गच्चीवर लहानशी तबकडी बसविली, तिच्यासाठीं एक डबी आणली, आणि चित्राची पिवळी तार व आवाजाच्या तांबड्या-पांढऱ्या तारा संचाच्या पाठीस जोडल्या. मुंग्या जाऊन चित्र उमटलें. 'फ्री डिश'ला मासिक वर्गणीही नाहीं. असा संच टाकावयाचाच झाला, तर त्याची कांच अंगणांत फोडूं नये. तींत शिसें असतें.

तिसरें काम जिव्हाळ्याचें होतें. माझी वडील भगिनी धुळ्यास असे. घाणा भरतांना, हळदीच्या वेळीं, मंगळागौरीस आणि जात्यावर म्हणावयाचीं गाणीं तिला आमच्या आजीपासून मुखोद्गत होतीं. २००४ सालीं तिनें तीं सांगितलीं आणि भाच्यानें संगणकावर उतरून घेतलीं. एकंदर अठ्ठेचाळीस गाणीं झालीं. त्यांच्या दोन सीड्या केल्या. एक त्याच्याकडे राहिली, एक आमच्याकडे आली. "आतां वाळवीचं भय नाहीं," असें आक्का समाधानानें म्हणाली. पुढें २०१७ सालीं ती गेली. भाच्याकडील प्रत बिऱ्हाड बदलतांना गहाळ झाली. आतां पुतणीचें लग्न ठरलें, आणि तिला आत्याचीं गाणीं हवीं होतीं.

पहिली अडचण अशी कीं, १४ ऑक्टोबर २०२५ रोजीं 'विंडोज १०'चा नित्याचा आधार थांबल्यामुळें चिरंजीवांनीं जुना संगणक काढून नवा पाठविला होता, आणि ह्या नव्यांत सीडी घालण्याची खांचच नाहीं. तेव्हां सीडी घेऊन गोलाणी मार्केटांत गेलों. तेथील एका मुलानें बाहेरून जोडावयाच्या यंत्रांत ती घातली. दोनांपैकीं एक फाइल ओरखड्यामुळें वाचतां आली नाहीं. दुसरी उघडली, पण पडद्यावर मराठीचा एकही वर्ण नव्हता. रोमन अक्षरें, कंस आणि प्रश्नचिन्हें यांची रास पसरली होती.

हें कां होतें तें समजून घेण्यासारखें आहे. त्या काळीं मराठी टंकलेखनाचे बहुतेक फॉन्ट रोमन अक्षरांच्या जागीं देवनागरीचीं केवळ चित्रें बसवीत. डोळ्यांस 'क' दिसे; संगणकाच्या पोटांत नोंद रोमन अक्षराचीच असे. तो फॉन्ट नसला म्हणजे चित्र जातें आणि पोटांतलें बाहेर येतें. वास्तविक १९९१ सालींच 'युनिकोड' ही व्यवस्था प्रसिद्ध झाली होती. तींत देवनागरीच्या प्रत्येक वर्णास स्वतःचा क्रमांक आहे. परंतु घरोघरच्या संगणकांवर ती रुळण्यास पुष्कळ काळ गेला.

त्या मुलानें फाइलींतून फॉन्टचें नांव शोधून काढलें आणि परिवर्तकाकडून मजकूर युनिकोडमध्यें आणला. मराठी दिसूं लागलें, पण ऱ्हस्व वेलांटी आणि रफार जागोजाग भरकटलेले. ह्याचेंही कारण मौजेचें आहे. 'निर्मळ' हा शब्द डोळ्यांनीं पाहिला तर वेलांटी 'न'च्या आधीं आणि रफार 'म'च्या डोक्यावर दिसतो. उच्चारांत मात्र 'न' आधीं येतो व इकार नंतर. तसेंच 'र्' आधीं आणि 'म' नंतर. जुना फॉन्ट डोळ्याचा क्रम पाळी, युनिकोड जिभेचा क्रम पाळतें. शिक्षाशास्त्राच्या दृष्टीनें नवीच पद्धति शुद्ध ठरते. एकीतून दुसरींत जातांना मात्र हीं दोन चिन्हें वाट चुकतात, आणि त्यांना वाटेवर आणण्यास ती भाषा बोलणारा मनुष्य लागतो.

त्या रात्रीं घरांत तेंच काम चाललें. मी वाचीत होतों आणि सौभाग्यवती चालीवर म्हणून पाहत होत्या. जेथें चाल अडे, तेथें त्या म्हणत, "अहो, इथं एक अक्षर पुढं-मागं झालंय." बेचाळीस गाणीं शुद्ध झालीं. न वाचलेल्या फाइलींत सहा होतीं. धुळ्यास आक्कांच्या शेजारीं राहणाऱ्या वृद्ध बाईंस फोन केला. त्यांनीं तेथूनच चार गाणीं गाऊन दाखविलीं. राहिलेलीं दोन कोणासच आठवत नाहींत.

कागद टिकतो आणि यंत्र टिकत नाहीं, एवढाच बोध ह्यांतून कोणी काढील, तर तो अपुरा होईल. त्याचें प्रमाण आमच्या धुळ्यांतच आहे. इतिहासाचार्य वि. का. राजवाडे यांनीं गांवोगांव पायपीट करून जुनीं दप्तरें मिळविलीं आणि १८९८ पासून 'मराठ्यांच्या इतिहासाचीं साधनें' खंडशः प्रसिद्ध केलीं. ३१ डिसेंबर १९२६ रोजीं त्यांचें देहावसान धुळ्यासच झालें, आणि त्यांच्या नांवाचें संशोधन मंडळ तेथें उभें राहिलें. त्याच गांवीं शंकर श्रीकृष्ण देव यांनीं जमविलेलीं रामदासी हस्तलिखितें समर्थ वाग्देवता मंदिरांत आहेत. शतकांपूर्वींचा तो कागद वाचण्यास तार लागत नाहीं, डबी लागत नाहीं, हें खरें. परंतु मोडी लिपींतील कागद आज आपल्यापैकीं कितीजणांस वाचतां येईल? शाई शाबूत आहे, कागद शाबूत आहे, वाचणारा मात्र विरळा झाला आहे.

ह्याच्या उलट जळगांवचें उदाहरण पाहावें. शेजारच्या असोद्यास १८८० सालीं जन्मलेल्या बहिणाबाई चौधरी यांना लिहितां-वाचतां येत नव्हतें. घरकाम आणि शेतकाम करतां करतां त्या ओव्या रचीत. त्यांचे पुत्र सोपानदेव आणि एक मावसभाऊ यांनीं त्या वेळोवेळीं लिहून ठेविल्या. ३ डिसेंबर १९५१ रोजीं बहिणाबाई वारल्या आणि १९५२ सालीं 'बहिणाबाईचीं गाणीं' प्रसिद्ध झालीं. २०१८ सालीं जळगांवच्या विद्यापीठास त्यांचें नांव देण्यांत आलें. त्या वहीवांचून महाराष्ट्रास ही कवयित्री ठाऊकही झाली नसती. आपले वैदिक पूर्वज तर लेखनावर विसंबलेच नाहींत. पद, क्रम, जटा, घन अशा पाठांनीं तोच मंत्र उलटसुलट घोकून त्यांनीं एकही स्वर निसटूं दिला नाहीं. मुख, कागद कीं यंत्र, हा प्रश्न दुय्यम आहे. वेळींच ऐकून, वाचून दुसरी प्रत करणारा कोणी आहे कीं नाहीं, ह्यावरच सारें अवलंबून असतें.

तरी प्रत्येक घरानें तीन गोष्टी कराव्या, अशी सूचना आहे. जुन्या फॉन्टांतील मजकूर, कुलवृत्तान्त असो कीं वडिलांचीं पत्रें असोत, मूळ फॉन्ट ठाऊक असलेला मनुष्य आहे तोंवर युनिकोडमध्यें आणून घ्यावा आणि घरच्या जाणत्या माणसाकडून तपासून घ्यावा. त्याची चांगल्या कागदावर प्रत छापून ती निदान दोन निराळ्या घरीं ठेवावी. सीडी असेल तर आजच उघडून पाहावी. कपाटांत आहे म्हणून ती सुरक्षित आहे, असें समजूं नये.

तिसरी गोष्ट सर्वांत स्वस्त आणि सर्वांत निकडीची आहे. ज्या घरीं सत्तरी ओलांडलेली आई, सासू अथवा आत्या आहे, तेथें ह्याच आठवड्यांत दुपारचें आवरल्यावर तिच्यापाशीं बसावें. तिला येणारें एक गाणें लिहून घ्यावें आणि घरांतील एका मुलाकडून वा मुलीकडून तें तोंडपाठ करून घ्यावें. चाल लिहितां येत नसली तरी ऐकून उचलतां येते. आमच्या दोन गाण्यांसारखीं ज्यांची कांहीं गेलीं असतील, त्यांनीं शेजारच्या वृद्धांसही विचारून पाहावें. सहांपैकीं चार आम्हांस तशींच मिळालीं.