वजन कॅमेऱ्याचे की काचेचे?



गेल्या हिवाळ्यात आमच्या महाविद्यालयाच्या छायाचित्रण मंडळाबरोबर शेजारच्या शाळेतील काही मुले हतनूर धरणावर पक्षी पाहायला आली होती. चक्रवाकांची जोडी पाहून परत निघताना नववीतल्या एका मुलीने माझी पिशवी उचलून पाहिली आणि विचारले, "सर, यात एवढं जड काय आहे?" मी सवयीने म्हणालो, "कॅमेरा." हे उत्तर बरोबर नव्हते, हे मला दुसऱ्या दिवशी प्रयोगशाळेत कळले.

प्रश्न माझ्या अगदी दुखऱ्या जागेवरचा होता. माझा उजवा खांदा वर्षभर धरला होता आणि डॉक्टरांनी ओझे कमी करा असे बजावले होते. मंडळातील मुलांचे मत तर केव्हाच ठरले होते. जुना, आरशाचा फुल-फ्रेम कॅमेरा भिंगांसकट विकावा आणि नवा, बिनआरशाचा, हलका संच घ्यावा. मंडळाजवळ वर्गणीतून साठलेली थोडी रक्कम होती. ती एकदा खर्ची पडली की पुढची चार-पाच वर्षे काही घेता येणार नव्हते. म्हणून मी म्हटले, आधी तोलू या, मग बोलू या. जळगाव हे सोन्याचे गाव. येथे तोलल्यावाचून कोणी काही घेत नाही!

आरशाच्या कॅमेऱ्यात भिंगातून आलेला प्रकाश ४५ अंशांत बसवलेल्या आरशावर पडतो, वर वळतो आणि पंचकोनी लोलकातून आपल्या डोळ्यापर्यंत येतो. कळ दाबताच आरसा वर उचलला जातो आणि प्रकाश मागच्या संवेदकावर पडतो. या आरशाला हलायला जागा हवी. म्हणून निकॉनच्या जुन्या पद्धतीत भिंगाची बैठक संवेदकापासून ४६.५ मि.मी. दूर असते. नव्या पद्धतीत आरसा नाही, लोलकही नाही. संवेदकाला जे दिसते तेच डोळ्याजवळच्या चिमुकल्या पडद्यावर दाखवतात. त्यामुळे हे अंतर १६ मि.मी. एवढेच उरले आहे.

धुळ्याचे माझे एक स्नेही लळिंगचा किल्ला चढताना असा नवा कॅमेरा नेतात. तो आम्ही मागून आणला. बॅटरी आणि कार्डासह आमचा जुना ८४० ग्रॅम भरला, त्यांचा ६७५. तब्बल १६५ ग्रॅमची बचत! मुलांनी टाळ्या वाजवल्या.

आता गंमत पाहा. जुनी भिंगे नव्या कॅमेऱ्याला लावायची तर मध्ये अडॅप्टर लागतो. ४६.५ वजा १६, म्हणजे ३०.५ मि.मी. लांबीची ही नळी. तिच्यात एकही भिंग नसते. तारा आणि जोडणी सोडली तर आत नुसती हवा. आरसा काढून जी जागा वाचवली तीच परत आणून बसवायची! या नळीचे वजन १२५ ग्रॅम. म्हणजे निव्वळ बचत ४० ग्रॅम झाली, एका लहानशा लिंबाएवढी.

मग तराजूवर ठेवले पक्ष्यांसाठीचे भिंग. नाभीय अंतर ३०० मि.मी., छिद्र एफ/४. ते एकटेच १,४४० ग्रॅम भरले.

हे एवढे जड का? एफ/४ याचा अर्थच असा की नाभीय अंतराला ४ ने भागले की छिद्राचा व्यास मिळतो. ३०० भागिले ४ म्हणजे ७५ मि.मी. पुढची काच निदान एवढी रुंद हवीच, आणि रुंद काच जाडही असते. दूरच्या पक्ष्याकडून येणारा किती प्रकाश आपण गोळा करणार, हे त्या ७५ मि.मी.च्या वर्तुळाच्या क्षेत्रफळावर ठरते. पावसात परात ठेवली तर वाटीपेक्षा जास्त पाणी साठते, तसेच हे आहे. मागे आरसा आहे की नाही, याचे प्रकाशाला काय होय! कॅननच्या ५० मि.मी. एफ/१.८ या साध्या भिंगाचे जुन्या पद्धतीतले वजन १६० ग्रॅम आहे आणि नव्या पद्धतीतलेही १६० ग्रॅमच आहे. त्याच कंपनीचे २४-७० मि.मी. एफ/२.८ हे भिंग जुने ८०५ ग्रॅमचे होते; नवे ९०० ग्रॅमचे आहे. त्यात हात हलला तरी चित्र स्थिर ठेवणारी यंत्रणा आली, हे खरे. पण खांदा यंत्रणा मोजत नाही, ग्रॅम मोजतो.

म्हणून माझे मत असे, की 'हलका कॅमेरा' ही जाहिरात खोटी नसली तरी अपुरी आहे. वजन आरशात थोडे असते, काचेत फार. ज्याला ओझे कमी करायचे आहे त्याने आधी छिद्राचा विचार करावा.

आणि 'फुल-फ्रेम' म्हणजे तरी काय? २४ गुणिले ३६ मि.मी.चा संवेदक. आज आपण त्याला मोठा आणि जड म्हणतो, पण तो जन्मला हलकेपणासाठीच. जर्मनीतील ओस्कर बार्नाक या तंत्रज्ञाला दम्याचा विकार होता. काचपट्ट्यांचा अवजड कॅमेरा घेऊन डोंगर चढणे त्याला झेपेना. त्याने चित्रपटाची ३५ मि.मी. रुंदीची फिल्म आडवी वापरून खिशात मावेल असा कॅमेरा बनवला. तोच १९२५ साली लायका या नावाने बाजारात आला. हतनूरला जाताना वाटेत भुसावळ लागते. अजिंठ्याच्या चित्रांच्या नकला करणाऱ्या आणि पुढे तेथील छायाचित्रेही घेणाऱ्या रॉबर्ट गिलची कबर तेथे आहे. तो १८७९ साली वारला. त्याच्या काळी काचेवर ओला लेप द्यायचा आणि तो वाळण्याआधीच चित्र घेऊन धुवायचे, अशी पद्धत होती. म्हणजे कॅमेऱ्यामागून रसायने आणि अंधारा तंबूही न्यायचा. त्याच्यापुढे आमची खांदेदुखी ती काय! (आपल्या चाळीसगावच्या केकी मूस यांचा मार्ग वेगळाच. त्यांनी कित्येक वर्षे घराबाहेर पाऊलच टाकले नाही आणि टेबलावर साध्या वस्तू मांडून जगावेगळी चित्रे घेतली. वजनाचा प्रश्नच मिटला!)

संवेदक लहान घेतला तर? दीडपट लहान संवेदकावर २०० मि.मी.चे भिंग फुल-फ्रेमवरच्या ३०० मि.मी.एवढेच दृश्य दाखवते. २०० मि.मी. एफ/४ चे छिद्र ५० मि.मी.; ३०० मि.मी. एफ/६ चेही ५० मि.मी. दोन्हींत पक्ष्याकडून येणारा एकूण प्रकाश सारखाच. म्हणजे ओझे उतरते ते मुख्यतः छिद्र लहान झाल्यामुळे. आजचे संवेदक अंधुक प्रकाशातही चांगले काम देतात, तेव्हा हा सौदा मला तरी वाईट वाटत नाही. लहान संवेदकाचा कॅमेरा असलेल्या मुलाने मान खाली घालण्याचे तर मुळीच कारण नाही.

छिद्र तेवढेच ठेवून वजन घटवण्याची एक युक्ती मात्र आहे. फ्रेनेल या फ्रेंच शास्त्रज्ञाने १८२० नंतरच्या काळात दीपगृहांसाठी जाड भिंगाऐवजी काचेच्या पायऱ्यापायऱ्यांची कडी वापरली. त्याच घराण्यातला, पण अतिसूक्ष्म कड्यांचा घटक आता कॅमेऱ्याच्या भिंगात बसवतात. तो काम करतो विवर्तनाने. विवर्तनात रंग अपवर्तनाच्या उलट क्रमाने फाकतात. त्यामुळे रंगदोष घालवायला लागणाऱ्या इतर काचा कमी होतात. निकॉनचे असे ३०० मि.मी. एफ/४ भिंग ७५५ ग्रॅमचे आहे. छिद्र तेच, ७५ मि.मी.; वजन जवळजवळ निम्मे, आणि ते आमच्या जुन्या कॅमेऱ्याला सरळ बसते. समोर प्रखर दिवा असला तर त्याभोवती रंगीत कडे उमटू शकते, एवढी खोट आहे. पण हतनूरच्या पाण्यावर दिवे नसतात.

आरसा काढल्याचा फायदा मुळीच नाही असे मी म्हणत नाही. रुंद दृश्याच्या भिंगांना त्याचा उपयोग होतो. आरशाला वाट देण्यासाठी त्यांना करावा लागणारा काचांचा द्राविडी प्राणायाम वाचतो. आमच्या मंडळातील एका विद्यार्थ्याचा मुद्दा तर मला खोडताच आला नाही. १८८४ नंतर हरवलेला रानपिंगळा १९९७ साली शहाद्याजवळ, म्हणजे तेव्हाच्या धुळे जिल्ह्यात, पुन्हा दिसला. असा पक्षी समोर आला आणि आरसा खट्‌कन वाजला तर? बिनआरशाचा कॅमेरा आवाज न करता चित्र घेतो. बॅटरी लवकर संपते म्हणून मी कुरकुर केली, तर तो म्हणाला, "सर, जास्तीची बॅटरी खिशात ठेवता येते."

शेवटी मतदान झाले. कॅमेरा जुनाच राहिला. भिंग तेवढे वापरलेले पण हलके घेतले. पिशवी ६८५ ग्रॅमने उतरली. रानपिंगळ्याचा तो वकील अजून नाराज आहे आणि पुढच्या वर्षी हा विषय पुन्हा मांडणार आहे. तोवर त्याने स्वतःच्या पिशवीतील प्रत्येक वस्तू तोलून यादी करून आणावी, असे मी त्याला सांगितले आहे.