ताटावरून उठलेली मुलगी

बँकेच्या नोकरीत अलिबाग-मुरूड पट्ट्यात माझी बरीच वर्षे गेली. कुणाच्याही ओसरीवर टेकले की ‘जेवूनच जा’ हा आग्रह ठरलेला. आमच्या किनाऱ्यावर माया ताटात वाढतात.

अशाच एका ओळखीच्या घरातली पंधरा वर्षांची मुलगी जेवण टाळू लागली. आधी सोमवार, मग गुरुवार, चतुर्थी, एकादशी. आजी कौतुक करीत राहिली. पाळी थांबली, केस गळू लागले, तेव्हा घर जागे झाले. वडील रागावले, आत्याने दृष्ट काढली.

हा हट्ट नव्हे, आजार आहे. लंडनचे डॉक्टर विल्यम गल यांनी १८७३ साली त्याला ‘ॲनोरेक्सिया नर्व्होसा’ हे नाव दिले. उपासमारीने हृदयाचे ठोके मंदावतात; जीवही जातो. हे श्रीमंत शहरांचे दुखणे, असेही समजू नये. फिजी बेटांवर भरलेल्या अंगाचे कौतुक असे. तेथील नाड्रोगा भागात १९९५ साली दूरचित्रवाणी आली. खाल्लेले मुद्दाम ओकून टाकणारी एकही शाळकरी मुलगी तेव्हा पाहणीत आढळली नव्हती; १९९८ साली हे प्रमाण ११.३ टक्क्यांवर गेले. आज पडदा प्रत्येकीच्या हातातच आहे.

मांडव्याहून लाँचने मुंबई गाठून त्या मुलीला दाखवले. डॉक्टरांच्या औषधपाण्याइतकेच काम केले ते याच कामात केस पिकलेल्या एका समाजसेविकेने. तिने मुलीआधी घराला समोर बसवले. दोष कुणाचाच नाही, हे पहिले सांगणे. उपासांचे कौतुक बंद, अंगावरून बोलणे बंद. काय आणि किती वाढायचे ते आईवडिलांनी एकमताने ठरवायचे आणि शेवटच्या घासापर्यंत शेजारी बसायचे. वजन सावरले की हा अधिकार हळूहळू मुलीला परत द्यायचा. लंडनच्या मॉड्स्ली रुग्णालयातील संशोधकांनी १९८७ साली दाखवून दिले, की कोवळ्या वयात जडलेल्या आणि तीन वर्षांपेक्षा कमी जुन्या दुखण्यात एकट्या रुग्णापेक्षा कुटुंबाला धरून केलेले उपचार अधिक गुणकारी ठरतात.

म्हणजे वेळ महत्त्वाची. देशात १९९६ साली सुरू झालेल्या जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमात मनोविकारतज्ज्ञाबरोबर समाजसेवकाचेही पद आहे. इमारत उभी राहते, यंत्रे येतात. पण घरात जाऊन बसणारे हे माणूस नसेल तर उपचार दवाखान्याच्या दारातच संपतो. ते पद भरलेले आहे का, हे आपण विचारले पाहिजे. २०२२ पासून ‘टेली-मानस’च्या १४४१६ या क्रमांकावर मराठीतही सल्ला मिळतो.

खात्यातून नुसतेच पैसे निघत असतील, तर आम्ही बँकवाले खातेदाराला हटकत असू. लेकीचे ताट रोज तसेच परत येत असेल, तर तिला रागावू नका. शेजारी बसा, आणि उद्याच डॉक्टरांकडे न्या.