टेपला ‘किरकोळ खर्च’ म्हणणं बंद करा



मागच्या आठवड्यात उत्तरेकडच्या एका मोठ्या मार्केटातून आडतीची पट्टी आली. पहिल्या तोड्याचं डाळिंब पाठवलं होतं, दहा-दहा किलोच्या ६४० पेट्या. त्यातल्या ६०९ पेट्या ९० रुपये किलोनं गेल्या आणि ३१ पेट्या ३५ रुपयांनी. त्या ३१ पुढं दोनच शब्द लिहिले होते, ‘पॅकिंग खराब’. फोन लावला तर पलीकडून उत्तर आलं, “तळ सुटला, माल खाली पडला, डागी झाला, कोण घेणार?” ३१० किलो माल, किलोमागं ५५ रुपये. म्हणजे १७,०५० रुपये गेले.

तेल्या आला तर आपण रात्रभर ग्रुपवर भांडतो. कोणतं औषध, किती मिली, सकाळी मारायचं का संध्याकाळी, सगळ्यावर मतं असतात. पण पेटीचा तळ कशानं चिकटवायचा यावर आजवर एका तरी चर्चासत्रात पाच मिनिटं कुणी बोललंय का? मी तरी ऐकलं नाही. पोराला फोन करून सांगायचं, “येताना टेपचे पंधरा रोल घेऊन ये, स्वस्तातले बघ.” झाली खरेदी. मीही हेच करत आलो, त्यामुळं पहिल्या शिव्या मलाच.

आता हिशेब बघा. माझ्या पेटीला वर एक पट्टी, खाली एक पट्टी. फटीची लांबी आणि दोन्ही बाजूंना खाली वळवायला सहा-सहा सेंटिमीटर धरून एक पट्टी अर्ध्या मीटरची होते. पेटीला एक मीटर. दुकानदार म्हणाला रोल ६५ मीटरचा. मग ६४० पेट्यांना दहा रोल पुरायला पाहिजेत. मला चौदावा फोडावा लागला. बायांनी वाया घालवली असेल म्हणून मी आधी त्यांच्यावरच तोंड टाकलं. मग रात्री शेडमध्ये एक कोरा रोल घेऊन बसलो आणि अर्ध्या-अर्ध्या मीटरचे तुकडे पाडून पत्र्यावर चिकटवत गेलो. ९८ तुकडे निघाले. ४९ मीटर. आतली पुठ्ठ्याची नळी मात्र चांगली जाडजूड, म्हणून रोल हातात भरलेला वाटतो. दुसऱ्या दिवशी बायांची माफी मागितली.

रोलवर मीटर छापलेले नव्हते, मायक्रॉन नव्हते, कंपनीचं नावही नव्हतं. पाकीटबंद मालावर माप, किंमत आणि बनवणाऱ्याचं नाव-पत्ता असायला पाहिजे, यासाठी वैधमापनाचे २०११ चे नियम आहेत. युरियाची गोणी ४५ किलोची हे आपल्याला पाठ आहे, एक किलो कमी भरली तर दुकान डोक्यावर घेऊ. टेप मात्र ‘रोल’वर घेतो. रोल हे काय माप आहे का?

बरं, लांबी सोडा. त्या टेपकडून आपण काम काय करून घेतोय ते बघा. ही तपकिरी टेप म्हणजे प्लास्टिकचा पातळ पापुद्रा आणि त्यावर गोंद. वरचं झाकण बंद ठेवायला ती ठीक आहे, तिथं वजन येत नाही. तळाला मात्र दहा किलो फळ दोन दिवस, तीन दिवस सतत खाली रेटतंय, गाडी खड्ड्यात आदळतीय, ताडपत्रीखाली ऊन तापतंय. प्लास्टिक ताणतं आणि गोंद हळूहळू सरकतो. त्यातून कडेला एक बारीक काप पडला की टेप कागदासारखी आडवी फाटत जाते.

यावर उपाय म्हणजे आत काचेचे धागे घातलेली टेप. कारखानेवाले मोटारीचे सुटे भाग, जड खोकी, पॅलेटवरचा माल बांधायला ती वापरतात. हे धागे लांबीच्या दिशेनं असतात आणि जवळपास ताणले जातच नाहीत. हातानं तोडून बघा, बोट कापेल पण टेप तुटणार नाही, सुरीच लागते. तळाला मधली नेहमीची पट्टी मारायची आणि या धाग्याच्या टेपच्या दोन पट्ट्या फटीला आडव्या, भिंतींवर सहा सेंटिमीटर चढवून. माझ्या पेटीला दोन्ही मिळून ८० सेंटिमीटर लागते. ५० मीटरचा, इंचभर रुंदीचा रोल मला १९० रुपयांना मिळाला, त्यात ६२ पेट्या होतात. पेटीला तीन रुपये. ६४० पेट्यांचे दोन हजारसुद्धा होत नाहीत. आणि गेले किती? १७,०५०.

लगेच कुणीतरी म्हणणार, “टेप कितीही भारी लावा, हमाल फेकतातच.” फेकतात, मान्य. आपल्या शेडमधून पिकअपमध्ये, पिकअपमधून ट्रकमध्ये, ट्रकमधून मार्केटच्या फरशीवर आणि तिथून घेणाऱ्याच्या टेम्पोत. चार वेळा प्रत्येक पेटी माणसाच्या हातातून जाते. निर्यातीच्या मालाला हे चुकतं, तिथं पेट्या पॅलेटवर रचून, कोपऱ्यांना पुठ्ठ्याचे कोन लावून, पट्ट्यांनी आवळून सगळं मशिननं उचलतात. आपल्या देशी मार्केटला पॅलेट येईल तेव्हा येईल. पण हमाल फेकतो म्हणून तळ कच्चा ठेवायचा हे कसलं गणित? गारपीट होते म्हणून कुणी बागेला आधार द्यायचं सोडतं का?

दुसरीकडं, ही टेप विकायला येणारे जे सांगतात की “ही लावा, एक पेटी फुटणार नाही”, त्यांचंही ऐकू नका. पुठ्ठा रद्दीचा, दमट आणि पिचका असेल तर टेप शाबूत राहते आणि पुठ्ठ्याचं वरचं साल घेऊन सुटते. पुठ्ठ्यावर शेडमधली धूळ बसली असेल तर गोंद धुळीला चिकटतो, पुठ्ठ्याला नाही. कोल्ड स्टोरेजमधून काढलेल्या पेटीला घाम फुटतो, त्या ओल्यावर टेप मारणं म्हणजे पाण्यावर रेघ. आणि टेप नुसती ठेवून भागत नाही, हातानं दाबून घासावी लागते, या गोंदाला दाबच लागतो. आमच्याकडं आता एक बाई फडकं मारते, दुसरी लावते आणि लाटण्याचा एक तुकडा ठेवलाय त्यानं दाबते. हसू नका.

आता मूळ भांडणाकडं येतो. ‘पॅकिंग खराब’ हे दोन शब्द लिहून आडत्याला पैसे कापायचा अधिकार कुणी दिला? फुटलेली पेटी उलटी करून बघितली तर ती स्वतःच सांगते काय झालं. टेपला पुठ्ठ्याचे तंतू चिकटून आले असतील तर पुठ्ठा खराब, पेटीवाल्याला धरा. टेप साफ सुटून आली आणि तिच्यावर धूळ असेल तर चूक आमच्या शेडची, मी भरतो. टेप मधोमध फाटली असेल तर माल हलका होता, टेपवाल्याकडं जातो. आणि टेप जागच्या जागी, पण पेटीचा कोपरा चेपलेला, भिंत फाटलेली असेल तर ती पेटी आदळली आहे. तिचे पैसे शेतकऱ्याच्या पट्टीत का?

माझ्या ३१ पेट्यांपैकी एकीचाही फोटो मला मिळाला नाही. मागितला तर म्हणाले, माल विकून झाला, खोकी रद्दीत गेली. भावाचा मेसेज एका मिनिटात येतो, फुटलेल्या तळाचा फोटो मात्र काढायला वेळ नसतो. पुढच्या मालासोबत मी लेखी कळवतोय: तळाचा फोटो नसेल तर कपात मान्य नाही. एकट्यानं सांगितलं तर तो आडत्या दुसऱ्याचा माल घेईल आणि मला विसरेल, हे मला कळतंय. आपल्या शिवारातून त्याच मार्केटला जाणारे आम्ही अकरा जण आहोत. सहा जणांशी बोललो, चार तयार आहेत. बाकीच्यांनी टेपचा एक रोल तरी मोजून बघावा.

शनिवारी दुसरा तोडा आहे. सगळ्या पेट्यांना धाग्याची टेप लावणार आणि प्रत्येक तळावर नंबर घालून भरायच्या आधीच फोटो काढणार. पट्टी आली की आकडे इथंच टाकतो, चांगले असोत का वाईट.