आजोबांना इंग्रजी येतं

आपल्या मराठी मंडळाच्या गणेशोत्सवात मध्यंतराला माइकवरून घोषणा झाली, 'द प्रोग्राम विल रिझ्यूम मोमेंटरिली.' बाबांनी शेजारच्यांना विचारलं, "क्षणभरच सुरू होणार? मग नाटिका कधी?" मागच्या रांगेतली आपली मुलं हसली. "आजोबांना इंग्लिश येत नाही." दोन-चार पालकही हसले. मला ते पालकांचं हसणं जास्त लागलं.

बाबांनी वैजापूर तालुक्यातल्या शाळांमध्ये जन्मभर इंग्रजीच शिकवलं. त्यांचे वडील निजामाच्या राज्यात उर्दूतून शिकले. १९४८च्या सप्टेंबरात मराठवाडा मुक्त झाला, तेव्हा कुठे बाबांच्या पिढीला सर्रास मराठीतून शाळा मिळाली. इंग्रजी आली ती तर्खडकरांच्या भाषांतर पाठमालेतून. संभाजीनगरला औरंगपुऱ्यातल्या घरी बाबांची वही अजून आहे. तीन रकाने: शब्द, अर्थ, वाक्य. त्यात 'मोमेंटरिली' पुढे लिहिलंय 'क्षणभर', आणि वाक्य आहे वीज क्षणभर गेल्याचं.

हा अर्थ चुकीचा नाहीच. उलट तोच जुना. इंग्लंडमध्ये आजही मुख्यतः तोच चालतो. 'एवढ्यात, थोड्याच वेळात' हा अर्थ नंतरचा आणि तो रुळला इथे, अमेरिकेत. इथल्या शब्दकोशांतही दोन्ही अर्थ दिलेले असतात. मुलांनी विमानात, शाळेत एकच ऐकला, म्हणून दुसरा अडाणी ठरतो का?

आणि आपल्या घरात काय चालतं? 'बाबा आत्ता गेले' आणि 'बाबा आत्ता येतील', दोन्हीकडे तोच 'आत्ता'. पाहुण्याला आपण 'घटकाभर बसा' म्हणतो. घटका चोवीस मिनिटांची, पण पाहुणा दोन तास बसला तरी कुणी त्याचं मराठी काढत नाही. आमची लेक हे सगळं बिनचूक समजते. मग आजोबांच्या इंग्रजीला एवढी सवलत का नाही? मुलं हसली तर तिथल्या तिथे थांबवायचं काम आपलं आहे. बाहेर त्यांच्या उच्चारांना कुणी हसलं की आपण शाळेत तक्रार घेऊन जातो ना?

जरा चढ्या आवाजात लिहिलं, माफ करा. मुलं मनाने वाईट नाहीत, हे मलाही ठाऊक आहे. मराठी मंडळात घोषणा इंग्रजीतूनच का, हा वेगळा विषय, पुन्हा कधीतरी.

बाबा डिसेंबरपर्यंत इथे आहेत. रविवारच्या मराठी वर्गात मोठ्या मुलांसाठी त्यांना एक तास द्यावा, अशी समितीला विनंती आहे. वही मी संभाजीनगरहून मागवून घेते.