कावळा शिवला नाही तेव्हा



भाजणीचं प्रमाण या खेपेला देईन असं मी कबूल केलं होतं, ते पुढच्या अंकात नक्की. आज मात्र मनातली एक गोष्ट आधी बोलून टाकते, नाहीतर चकल्याही धड व्हायच्या नाहीत.

गेल्या कार्तिकात आमच्या सासूबाई गेल्या. दहाव्याला इंद्रायणीच्या घाटावर पिंड ठेवले आणि आम्ही सगळे लांब जाऊन उभे राहिलो. समोरच्या झाडावर कावळे होते, पण एकही खाली येईना. मग सुरू झालं, "काय राहिलंय तुमचं? नातीचं शिक्षण नीट करू. धाकट्याला सांभाळू." ह्यांनी हात जोडून सगळं कबूल केलं. वन्सं रडल्या. अर्धा तास गेला, पाऊण तास गेला. शेवटी गुरुजींनी दर्भाचा कावळा करून पिंडाला शिववला. परत येताना आत्याबाई हळूच, पण मला ऐकू येईल अशा बेतानं म्हणाल्या, "सुनेचं काहीतरी मनाला लागलं असणार."

काय लागलं असणार ते मला ठाऊक होतं. श्रावणात त्या म्हणाल्या होत्या, "एकदा घोरावडेश्वराला नेऊन आण गं." आमच्या घोरावाडीतून डोंगर समोरच दिसतो. पायऱ्या आहेत, पण त्यांचे गुडघे! मी म्हटलं, "आई, पुढच्या वर्षी बघू." शाळेचे पेपर तपासायचे होते, जरा तुटकच म्हटलं. पुढचं वर्ष त्यांच्यासाठी आलंच नाही.

तुम्ही म्हणाल, बी. ए. झालेली बाई, अर्धवेळ का होईना शिक्षिका, आणि कावळ्याचं काय मनावर घेते? अहो, मीही स्वतःला तेच सांगत होते. कावळा सावध पक्षी, खाली माणसं उभी, शिवाय घाटावर त्याला खायला काय कमी? दिवसा हे सगळं पटायचं. रात्री भांडी आवरून ओटा पुसताना मात्र वाटायचं, त्या कुठंतरी असल्या आणि माझ्यावर रागावलेल्या असल्या तर? आणि त्याच्या मागोमाग दुसरा, जास्त भीतीचा विचार यायचा. कुठंच नसल्या तर?

त्यातच आमच्या कन्येनं विचारलं, "आजी कुठे गेली?" शेजारच्या काकू म्हणाल्या, "चांदणी झाली." कुणी सांगितलं, "देवाघरी झोपली." ते ऐकून पोरगी रात्री झोपायलाच तयार होईना! म्हणून एक सांगते, मुलांना मरणाची 'झोप' कधी सांगू नका. मी तिला म्हटलं, "आजीचं शरीर थांबलं, ते परत चालू होणार नाही. बाकीचं मला ठाऊक नाही, मी शोधतेय." तिला ते पुरलं. मला पुरेना.

शिक्षक-खोलीत विषय निघाला तेव्हा एक सर म्हणाले, "आत्म्याचं वजन शास्त्रज्ञांनी काढलंय, एकवीस ग्रॅम." मला केवढा आनंद झाला! पण खोलात गेल्यावर कळलं, की अमेरिकेतल्या मॅक्डुगल नावाच्या डॉक्टरांनी मरणासन्न अशा अवघ्या सहा माणसांना काट्यावर ठेवलं होतं आणि 1907 साली ते छापलं. सहांतल्या एकाच माणसाच्या वजनावरून हा आकडा निघाला, बाकीच्यांचं काही जुळलं नाही. आपण वाण्याकडून साखर घेताना काटा यापेक्षा नीट पाहतो, नाही का?

आमच्याच लोकलच्या टोकाला, लोणावळ्याला, स्वामी कुवलयानंदांनी 1924 साली कैवल्यधाम काढलं. योगाला प्रयोगशाळेत नेणारे ते पहिल्या काही लोकांतले. आसनं आणि प्राणायाम करताना पोटात, छातीत काय घडतं ते त्यांनी क्ष-किरणांनी आणि दाब मोजून पाहिलं. मला त्यांचं हे फार आवडतं, की जे मोजता येतं ते मोजावं. पण श्वास कसा चालतो हे यंत्र सांगेल, तो घेताना 'मी आहे' असं आत जे वाटतं ते काय आहे, हे नाही सांगत. आज मेंदूचा कुठला भाग कशानं जागा होतो ते डॉक्टरांना पुष्कळ कळतं, तरी हे 'वाटणं' मुळात का असतं, यावर त्यांच्यातही एकमत नाही.

माघात एका रविवारी मुलीला घेऊन मी डोंगर चढले. सासूबाईंना न्यायचं राहिलं ते आता तरी करावं, एवढंच मनात होतं. वर महादेवाला बेल वाहिला. ही लेणी मुळात बौद्ध, शेलारवाडीची लेणी म्हणतात ती हीच. दीड हजार वर्षांहून जुनी. भिक्षूंच्या जागेत पुढं शिवलिंग आलं. कार्ल्याला नाही का, चैत्याच्या दारातच एकवीरा आई आहे, तसंच.

आणि इथल्या शिलालेखात एका बाईचं नाव आहे, मैत्रिणींनो! धेनुकाकट गावच्या उसभणक नावाच्या शेतकऱ्याची बायको सियगुतनिका. तिनं आपल्या नंद नावाच्या मुलासह हे लेणं दान दिलं, असं त्यात कोरलंय. राणी नाही, सावकारीण नाही, नांगर धरणाऱ्याची बायको. तिनं पैसा कसा साठवला असेल? (आपल्याला तर डब्यातले शंभर रुपयेसुद्धा टिकवता येत नाहीत.)

पण मी थबकले ते दुसऱ्याच विचारानं. जिथं तिनं दान दिलं त्या धर्मात कायम टिकणारा आत्मा मानतच नाहीत. बी. ए. ला मी मिलिंद राजा आणि नागसेन भिक्षूचा संवाद पाठ केला होता, मार्कही बरे पडले होते. रथ म्हणजे चाक का, आस का, जू का? एकेक बाजूला काढलं तर रथ उरतो कुठं? तसंच माणसाचं. परीक्षेनंतर विसरले होते. त्या पायरीवर बसून मी आपल्या भाषेत लावून पाहिलं. आमचं घर म्हणजे काय? भिंती का, भांडी का, माणसं का? सासूबाई गेल्या, घर आहेच, पण तेच आहे असंही म्हणवत नाही. मग आत्मा नाही तर पुढं काय जातं? नागसेन म्हणतो, एका दिव्यावरून दुसरा लावला तर पहिल्यातलं काय दुसऱ्यात गेलं? त्यावर माझ्यापाशी उत्तर नव्हतं. सासूबाईंची आमटी मात्र माझ्या हातात आलीय, हे खरं.

तिथून देहूकडचा मुलूख दिसतो. तुकोबांच्या त्या देहूत बहिणाबाई आल्या. (खानदेशच्या बहिणाबाई चौधरी नव्हेत, या सतराव्या शतकातल्या संत.) ब्राह्मणाघरची बाई, आणि गुरू केले तुकोबांना! नवऱ्यानं त्यापायी मारझोड केली. त्यांचा आत्म्यावर इतका भरवसा, की अखेरच्या दिवसांत मुलाला आपल्या मागच्या बारा जन्मांची हकीकत सांगितली. आणि त्याच बाईनं वज्रसूचीवरून अभंग रचले. ब्राह्मण कोण, देह का, जन्म का, ज्ञान का, असं एकेक खोडत जाणारा तो ग्रंथ. ही विचारण्याची तऱ्हा नागसेनाच्या रथासारखीच नाही का? एकीला आत्मा हवा, दुसरीच्या धर्मात तो नाही, पण दोघी बायका संसार करता करता इथवर आल्या. मला कुणी सांगितलं असतं, "हे बायकांचं काम नव्हे," तर आता पटलं नसतं.

उतरल्यावर हे सगळं मी देहूरोडच्या एका मैत्रिणीला सांगितलं. ती बौद्ध. बाबासाहेबांनी 25 डिसेंबर 1954 ला देहूरोडला बुद्धमूर्ती बसवली, तिथलंच तिचं घर. बाबासाहेबांनी आपल्या 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथात आत्म्यावरची श्रद्धा म्हणजे धम्म नव्हे, असं सरळ लिहिलंय. त्यांच्याकडे कावळ्याची वाट पाहत नाहीत. पुण्यानुमोदनाला जमतात आणि गेलेल्या माणसाबद्दल बोलतात. मी म्हटलं, "किती बरं! कुणावर ठपका नाही." ती जरा वेळ गप्प बसली. मग म्हणाली, "ठपका नाही गं. पण माझी आई गेली तेव्हा मला वाटलं होतं, एखादा कावळा असता तर बरं झालं असतं. काहीतरी निरोप आला असता."

हे मी अजून मनातून काढू शकलेले नाही. मी कावळ्याला घाबरत होते, आणि तिला तो हवा होता!

तेव्हापासून दुधाच्या हिशेबाच्या वहीत मागच्या पानांवर मी असे प्रश्न लिहून ठेवते. उत्तर सापडलंच पाहिजे अशी घाई नाही. सोमवारचा उपास मी करते, कारण त्या दिवशी मन हलकं राहतं, देव कोपेल म्हणून नव्हे. सत्यनारायणाला नको म्हटलं, तेव्हा घरात दोन दिवस धुसफूस झाली. हे म्हणाले, "तुझं नक्की काय मत आहे ते एकदा ठरव." मी म्हटलं, "ठरलं की सांगते." तुमच्यापैकी कुणाचं ठरलं असेल, नाहीतर ठरलेलं मोडलं असेल, तर मला जरूर लिहा.

पुढच्या महिन्यात वर्षश्राद्ध. आत्याबाई येणार आहेत. स्वयंपाक मीच करणार, अळूची भाजी आणि वड्या सासूबाईंच्या पद्धतीनं, आणि पान वाढून गच्चीत मीच ठेवणार. कावळा आला तर आला. नाही आला आणि कुणी विचारलंच, "काय राहिलं होतं त्यांचं?" तर सगळ्यांसमोर सांगणार आहे, घोरावडेश्वराला जायचं राहिलं होतं, आणि ते माझ्यामुळं राहिलं.