पुळणीवर कुत्रा नेताना
कोकणात समुद्राच्या वेळा ठरविण्याचा एक जुना हिशेब आहे: तिथीची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची वेळ येते. त्या हिशेबाने अष्टमीस सहाला भरती आणि बाराला ओहोटी. अमावास्या-पौर्णिमेस याच्या उलट, म्हणजे उदयास्ताच्या सुमारास पाणी पार मागे हटलेले आणि ओल्या वाळूत अवघे आकाश उतरलेले. सागरतीराची छायाचित्रे ज्यास घ्यावयाची आहेत त्याने आधी पंचांग पाहावे व मगच कॅमेरा उचलावा, असे माझे मत आहे. आणि याच हिशेबाने मार्गशीर्षातल्या अमावास्येस, मोती नावाच्या माझ्या गावठी कुत्र्यास घेऊन, मंडणगड तालुक्यातील वेळासच्या पुळणीवर मी पहाटे साडेपाचला जाऊन उभा राहिलो.

माणसाची सोबत अशा वेळी नको वाटते, पण निखळ एकांतही अंधारात जड होतो. कुत्रा या दोहोंमधली जागा भरून काढतो. वीस-वीस सेकंद शटर उघडे ठेवून लाटांचे धुके टिपीत असता मोती तिवईशेजारी बसून होता, आणि खेकड्यांनी बिळांभोवती रचलेल्या ज्वारीच्या दाण्यांएवढ्या वाळूच्या गोळ्या हुंगून हुंगून त्याच्या मिशांना वाळू चिकटली होती.

उजाडल्यावर परतताना भरतीच्या रेषेवर वाळूत एक रुंद घसरट दिसली, तिच्या दोन्ही अंगांस वल्ही मारल्यासारख्या खुणा. रात्री ऑलिव्ह रिडले जातीची कासवीण अंडी घालून गेली होती. मोतीने ते माझ्याआधी ताडले, आणि मी भानावर येईपर्यंत त्याने दोन ओंजळी वाळू उकरलीही. पट्टा हातात होता म्हणूनच त्यास मागे खेचता आले. मी तडक गावातल्या कासवमित्रास वर्दी दिली.

यात कुत्र्याचा कसूर नाही. उकरणे हा त्याचा स्वभावधर्म आहे. परंतु एका घरट्यात शंभराच्या आसपास अंडी असतात, त्यांतून पिल्ले बाहेर पडण्यास 45 ते 60 दिवस लागतात, आणि 2002 सालापासून चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेने व ग्रामस्थांनी रात्री-अपरात्री किनारे तुडवून जे राखले, ते माझ्या मोतीच्या चार पंज्यांनी पाच मिनिटांत मातीमोल झाले असते. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने या कासवास पहिल्या अनुसूचीत स्थान दिले आहे; पण पहाटेच्या निर्जन पुळणीवर कायद्याचा अंमल करणारा पाळीव कुत्र्याच्या धन्याखेरीज दुसरा कोण असणार?

कुत्र्यांना किनाऱ्यावर सरसकट मनाई करावी, ही सूचना मला अन्यायाची वाटते. ग्रामपंचायतींनी नोव्हेंबर ते मे या विणीच्या हंगामात पट्ट्याची सक्ती करावी आणि तसा ठळक फलक पुळणीच्या वाटेवर लावावा, एवढी तजवीज पुरेशी आहे. आणि फलक लागेपर्यंत, तुम्ही आपल्या कुत्र्यास समुद्र दाखवावयास अवश्य न्या. फक्त पट्टा हातातून सोडू नका.