सुरी का चालली?

बाळंतपण रुग्णालयातच व्हावे हा शासनाचा आग्रह रास्तच आहे. २००५ च्या जननी सुरक्षा योजनेने तो खेडोपाडी नेला. पण नियमन उंबरठ्याशीच का थांबावे? २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत खासगी रुग्णालयांतील शेकडा ४७ बाळंतपणे शस्त्रक्रियेने झाली, सरकारी रुग्णालयांत अवघी १४. अडलेल्या बाळंतिणींना तर बहुधा सरकारी जिल्हा रुग्णालयांकडेच धाडतात! शस्त्रक्रिया प्रसंगी मायलेकरांस जीवदान देते, हे कोण नाकारील? परंतु गर्भाशयावरचा व्रण कायमचा. पुढल्या खेपेस वार घट्ट चिकटून रक्तस्राव होण्याचा धोका वाढतो, आणि प्रत्येक शस्त्रक्रियेगणिक वाढतच जातो. खाटा मोजणाऱ्या शासनाने सुरी का चालली, हेही विचारावे. दरपत्रक भिंतीवर लागते, तसा प्रसूतिगृहाचा हा आकडाही लागलाच पाहिजे.